शंभराला चार कमी : मोझार्टच्या फ्लूट कॉन्चेर्टोंचा जमाखर्च

नऊ वर्षांपूर्वी मिरजेत मी एक छोटे व्याख्यान दिले होते. व्याख्यान म्हणायचे ते आपले उपचारापुरते. पंधरावीस रसिक महिन्यातून एकदा एकत्र बसतात, कोणीतरी एखादी ध्वनिमुद्रिका आणतो, तिच्याविषयी चार शब्द बोलतो आणि मग सगळे मिळून ऐकतात. त्या महिन्यात पाळी माझी होती. मी मोझार्टचा जी मेजरमधला फ्लूट कॉन्चेर्टो नेला होता. ऐकवण्यापूर्वी मी मोठ्या ऐटीत सांगितले, ‘‘गंमत अशी, की ज्या माणसाने हे लिहिले त्याला फ्लूट हे वाद्य सहनच होत नसे. त्याने तसे स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे.’’ मंडळी हसली. मलाही बरे वाटले.

कार्यक्रम संपल्यावर एक वयस्कर बासरीवादक माझ्याजवळ आले. आयुष्यभर भजनी मंडळांत आणि नाटकांच्या साथीत बासरी वाजवलेले गृहस्थ. म्हणाले, ‘‘साहेब, मला तुमचे ते कागदपत्र काही कळत नाहीत. पण मधला तो संथ भाग ऐकला ना, तो वाद्याचा तिटकारा असलेल्या माणसाचा नाही. फुंक कुठे संपते हे त्याला ठाऊक आहे. तुमचा कागद एकदा नीट तपासा.’’

सहकारी संस्थांचे हिशेब तपासणे हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय. कागद नीट तपासा, असे मी रोज दुसऱ्यांना सांगतो. तेच मला कोणी सुनवावे, हे जिव्हारी लागले. कारण मी तो कागद पाहिलाच नव्हता. एका पुस्तकात वाचलेले वाक्य दुसऱ्या पुस्तकात पुन्हा भेटले, म्हणून ते खरे धरले होते. पुढे अडखळत का होईना जर्मन शिकलो, मोझार्ट घराण्याची पत्रे शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. ही पत्रे आता साल्झबर्गच्या मोझार्टेउम प्रतिष्ठानाने कोणालाही पाहता येतील अशी खुली केली आहेत. त्या वाचनातून जे हाती लागले ते इथे मांडतो आहे.

एक करार

सप्टेंबर १७७७ मध्ये एकवीस वर्षांचा वोल्फगांग मोझार्ट आईला बरोबर घेऊन साल्झबर्गहून निघाला. साल्झबर्गच्या आर्चबिशपच्या दरबारात तो वादकांचा प्रमुख होता आणि त्याचा पगार वर्षाला १५० गुल्डन. ती नोकरी त्याने सोडली होती. युरोपातल्या एखाद्या मोठ्या दरबारात चांगली जागा मिळवायची, हा प्रवासाचा हेतू. वडील लेओपोल्ड हे त्याच दरबारात नोकरीला असल्यामुळे त्यांना जाता आले नाही. त्यांनी प्रवासासाठी कर्ज काढले होते. मुलगा आणि बायको दूरदेशी, घरी कर्ज, आणि हातात फक्त टपाल, अशी त्यांची अवस्था.

म्युनिकमध्ये काही जमले नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस मायलेक मानहाइमला पोहोचले. इलेक्टर कार्ल थिओडोर याच्या या राजधानीतला वाद्यवृंद त्या काळी युरोपात नावाजलेला होता. तिथल्या वादकांशी मोझार्टची लगेच गट्टी जमली. वाद्यवृंदाचा प्रमुख क्रिस्टिआन कानाबिश, ओबोवादक फ्रिडरिश राम, फ्लूटवादक योहान बाप्टिस्ट वेंडलिंग ही त्यातली ठळक नावे. ओबो म्हणजे आपल्या सनईसारखे दुहेरी पत्तीचे वाद्य. साल्झबर्गच्या ओबोवादकासाठी, जुझेप्पे फेरलेंडिससाठी लिहिलेला एक कॉन्चेर्टो मोझार्टच्या सामानात होता. नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच त्याने तो रामला भेट देऊन टाकला. राम आनंदाने वेडा झाला, असे तो वडिलांना कळवतो. हा ओबोचा कॉन्चेर्टो वाचकांनी लक्षात ठेवावा. हिशेबात तो पुढे पुन्हा येणार आहे.

दरबारात नोकरी मात्र मिळेना. डिसेंबरमध्ये नकार पक्का झाला. परत फिरायचे की हिवाळा इथेच काढायचा, असा प्रश्न पडला तेव्हा वेंडलिंगने एक तोड काढली. जेवण त्याच्या घरी, राहण्याची सोय एका सरकारी अधिकाऱ्याकडे त्याच्या मुलीला शिकवण्याच्या मोबदल्यात, आणि खर्चायला पैसे म्हणून एक काम. एक श्रीमंत डच गृहस्थ होते, फ्लूटचे शौकीन. तीन छोटे, सोपे, आटोपशीर कॉन्चेर्टो आणि फ्लूटसाठी दोनएक चतुष्के, म्हणजे क्वार्टेट, लिहून दिली तर ते २०० गुल्डन द्यायला तयार होते. १० डिसेंबर १७७७ च्या पत्रात मोझार्टने हा सारा बेत वडिलांना कळवला आहे.

रकमेकडे पाहा. साल्झबर्गच्या वर्षभराच्या पगारापेक्षा पन्नास गुल्डन जास्त, आणि तेही दोन महिन्यांच्या कामासाठी. लेओपोल्डचा जीव भांड्यात पडला असणार. त्यांनी ताबडतोब लिहिले, की या गृहस्थांचे काम आधी आणि लवकर पुरे कर.

सहा छिद्रे आणि एक चावी

इथे वाद्याविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. आज आपण वाद्यवृंदात चांदीसारखी चकाकणारी, अंगभर चाव्या असलेली जी फ्लूट पाहतो, ती मोझार्टने पाहिलेलीच नव्हती. तिचा जनक म्युनिकचा थिओबाल्ड बोम. त्याने १८३२ मध्ये आणि मग १८४७ मध्ये वाद्याची रचना मुळापासून बदलली. मोझार्टच्या काळातली फ्लूट लाकडाची असे, बहुधा बॉक्सवुडची, कधी हस्तिदंताची. बोटांसाठी सहा छिद्रे आणि उजव्या करंगळीसाठी एकच चावी. आपल्या बासरीची ती सख्खी चुलत बहीण म्हणायला हरकत नाही.

फरक आहे तो अर्धस्वरांचा. आपला बासरीवादक कोमल स्वर काढताना छिद्र अर्धे झाकतो, स्वर सरकवतो, त्यातून मींड घेतो. ज्या स्वराला षड्ज मानायचे त्यानुसार तो बासरीच बदलतो. युरोपातला वादक मात्र एकाच वाद्यावर निरनिराळ्या स्वरांना षड्ज मानून वाजवी. त्यासाठी तो एक छिद्र उघडे ठेवून खालची झाके, त्याला आडवी बोटे म्हणू. अशा बोटांनी निघालेला स्वर दबका, धूसर निघतो, आणि फुंकीने सांभाळला नाही तर बेसूरही होतो. म्हणून डी आणि जी या स्वरांवर बांधलेल्या रचना तिला सोयीच्या. मोझार्टचे दोन फ्लूट कॉन्चेर्टो नेमके याच दोन स्वरांवर आहेत.

अठराव्या शतकात हे वाद्य सरदार-दरकदारांचे आणि सुखवस्तू हौशी लोकांचे लाडके होते. प्रशियाचा राजा फ्रिडरिश दुसरा स्वतः फ्लूट वाजवी. त्याचा गुरू योहान योआखिम क्वान्ट्झ याने सुमारे तीनशे फ्लूट कॉन्चेर्टो रचले आणि १७५२ मध्ये वादनावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. हौशी माणसाच्या हाती बेसूर होणारे वाद्य, आणि पैसेवाल्या हौशी माणसांत त्याचीच चलती. तेव्हा व्यवसायाने संगीत लिहिणाऱ्याला या प्रकाराचा कधीमधी कंटाळा येत असेल, तर नवल नाही. पण वेंडलिंग हा हौशी नव्हता. तो युरोपातल्या उत्तम फ्लूटवादकांपैकी एक होता, आणि मोझार्ट रोज त्याच्याच घरी जेवत होता.

ते वाक्य

काम सुरू झाले. डी मेजरमधल्या पहिल्या चतुष्काच्या हस्तलिखितावर तारीख आहे २५ डिसेंबर १७७७. म्हणजे कबुलीनंतर पंधराच दिवसांत, नाताळच्या दिवशी. त्याच्या संथ भागात तंतुवाद्ये गज बाजूला ठेवून बोटांनी छेडली जातात आणि त्यांच्यावर एकटी फ्लूट गात राहते. मागे एकतारी-दिमडी आणि वर बासरी, असे ऐकणाऱ्या आपल्या कानांना ते अजिबात परके वाटत नाही.

मग जानेवारी उजाडला आणि मोझार्टचे चित्त उडाले. फ्रिडोलिन वेबर नावाच्या, दरबारात नकला उतरवण्याचे आणि गाण्याचे काम करणाऱ्या गरीब गृहस्थाच्या घरी त्याचे जाणे-येणे सुरू झाले. त्याची मुलगी अलोयझिया सतरा-अठरा वर्षांची आणि गळ्याने असामान्य. त्यांच्याबरोबर मोझार्ट किर्शहाइमबोलांडेनला एका राजकन्येकडे गाणेबजावणे करायला गेला. परतल्यावर, ४ फेब्रुवारी १७७८ रोजी, त्याने वडिलांना लिहिले, की वेंडलिंगबरोबर पॅरिसला जायचा बेत मी सोडतो, ती मंडळी धर्म मानत नाहीत. मी वेबर कुटुंबाला घेऊन इटलीला जाईन आणि अलोयझियाला मोठी गायिका करीन. त्या पत्राच्या शेवटी, तो जेवायला गेला असताना, आईने गुपचूप चार ओळी जोडल्या आहेत. नवीन माणसांची ओळख झाली की हा सर्वस्व द्यायला निघतो, असा त्यांचा मथितार्थ. हे पत्र साल्झबर्गला पोहोचले आणि लेओपोल्डने ११-१२ फेब्रुवारीला संतापाने भरलेले लांबलचक उत्तर लिहिले.

ते उत्तर अजून वाटेत होते तेव्हा, १४ फेब्रुवारीला, मोझार्टने ते सुप्रसिद्ध पत्र लिहिले. मी पुस्तकांत भेटलेले वाक्य त्यातलेच. आता ते वाक्य ज्या परिच्छेदात आहे तो सगळा परिच्छेद माझ्या शब्दांत सांगतो.

डच गृहस्थ उद्या पॅरिसला निघत आहेत. मी त्यांच्यासाठी दोनच कॉन्चेर्टो आणि तीन चतुष्के पुरी केली, म्हणून त्यांनी मला ९६ गुल्डनच पाठवले. अर्ध्यात चार गुल्डनांची चूक केली. पण त्यांना सगळे द्यावे लागेल, तसे मी वेंडलिंगशी ठरवले आहे, उरलेले काम मागाहून पाठवीन. काम पुरे झाले नाही यात नवल नाही. इथे मला घडीभर निवांतपणा नाही. लिहायला रात्रच मिळते, म्हणून सकाळी लवकर उठता येत नाही. शिवाय मन दर वेळी लागतेच असे नाही. नुसते खरडायचे तर दिवसभर खरडता येईल, पण ते जगापुढे जाते आणि वर माझे नाव असते, तेव्हा लाज वाटू नये असे ते हवे. आणि जे वाद्य मला सोसत नाही त्याच्यासाठी सतत लिहायचे म्हटले की माझी बुद्धी चालत नाही, हे तुम्हांला माहीतच आहे.

हा परिच्छेद मी पहिल्यांदा सलग वाचला तेव्हा मला हसू आले. आमच्या धंद्यात असा कागद आठवड्याला एक तरी येतो. ताळेबंद वेळेवर का झाला नाही, याचा खुलासा! पहिले कारण वेळ नाही, दुसरे तब्येत-झोप, तिसरे मन लागत नाही, चौथे दर्जाची काळजी, आणि पाचवे कामच मुळात त्रासाचे. ज्याच्याकडे एक खरे कारण असते तो एकच देतो. पाच कारणे देणाऱ्याचे सहावे लपवायचे असते. इथले सहावे कारण अलोयझिया वेबर, आणि ते आधीच्या पत्रातून वडिलांच्या हाती पडलेले होतेच.

लेओपोल्ड काही कच्चे हिशेबनीस नव्हते. २३ फेब्रुवारीच्या उत्तरात त्यांनी विचारले, की दोनशेऐवजी शहाण्णव का? दोन कॉन्चेर्टो आणि तीन चतुष्केच झाली म्हणून? मग करायची होती तरी किती? तीन छोटे सोपे कॉन्चेर्टो आणि दोन चतुष्के, असे तूच लिहिले होतेस ना? मग मला खोटे का लिहिलेस? आणि या गृहस्थांचे काम लवकर पुरे कर असे मी बजावले होते, ते का ऐकले नाहीस?

वाद्य सोसत नाही या कारणाला लेओपोल्डने काडीची किंमत दिली नाही, हेही नोंदवायला हवे. अडीचशे वर्षांनी जे वाक्य जगाने डोक्यावर घेतले, ते ज्या माणसाला उद्देशून लिहिले होते त्याने बाजूला सारले होते. मुलाला तो चांगला ओळखत होता.

पाचाला पाच, तरी निम्मे

पण लेओपोल्डच्या प्रश्नात एक गुंता आहे. ठरले होते तीन कॉन्चेर्टो आणि दोनएक चतुष्के, एकूण नगांची संख्या पाच. दिले दोन कॉन्चेर्टो आणि तीन चतुष्के, तेही पाचच. पाच नगांपैकी पाच पोहोचल्यावर मोबदला निम्म्याहून कमी कसा? एकतर गिऱ्हाईक चिक्कू, नाहीतर पोहोचलेल्या मालात काहीतरी खोट.

या प्रश्नाचे उत्तर मिळायला १९२० साल उजाडावे लागले. मोझार्टच्या कृतींची सूची लुडविग फोन क्योखेल याने १८६२ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात जी मेजरमधल्या फ्लूट कॉन्चेर्टोचा क्रमांक ३१३ आणि डी मेजरमधल्याचा ३१४. ओबोचा तो कॉन्चेर्टो मात्र हरवला, असेच सगळे धरून चालले होते. १९२० मध्ये बर्नहार्ड पाउमगार्टनर या संगीतज्ञाला साल्झबर्गच्या मोझार्टेउममध्ये जुन्या हस्तलिखित वादनप्रतींचा एक गठ्ठा मिळाला. त्यावर होते, सी मेजरमधला ओबो कॉन्चेर्टो. त्याने तो उघडला तर आत ओळखीचेच संगीत! डी मेजरमधला फ्लूट कॉन्चेर्टो तो हाच, फक्त एक स्वर खाली.

मग मूळ कोणते आणि नक्कल कोणती? यासाठीचा एक पुरावा मला फार आवडतो, कारण तो एखाद्या तपासनिसाला शोभेल असा आहे. व्हायोलिनची सर्वांत खालची तार जी स्वरात लावलेली असते. त्याखाली व्हायोलिन जाऊ शकत नाही. ओबोच्या प्रतीत व्हायोलिने या तळापर्यंत उतरतात. फ्लूटच्या प्रतीत मात्र ती कुठेच ए स्वराच्या खाली जात नाहीत, जी तार मोकळी पडलेली असूनही. संगीत मुळातच डी मेजरसाठी लिहिले असते तर हा हात का आखडला असता? सगळे एक स्वर वर उचलले, म्हणून तळही एक स्वर वर आला. म्हणजे ओबोचा मूळ आणि फ्लूटचा उतारा.

नक्कल म्हटल्याने त्या संगीताचे मोल घटत नाही, हे जाता जाता सांगतो. त्यातल्या शेवटच्या भागाची उड्या मारणारी चाल मोझार्टला इतकी आवडली होती, की १७८२ च्या एका ऑपेरात ब्लोंड या खट्याळ दासीच्या तोंडी त्याने जवळजवळ तीच दिली.

आता १४ फेब्रुवारीच्या पत्राकडे परत येऊ. त्याच पत्रात, शहाण्णव गुल्डनांच्या हिशेबाबरोबरच, आणखी एक बातमी आहे. आदल्या दिवशी कानाबिशच्या घरच्या मैफलीत रामने माझा ओबो कॉन्चेर्टो पाचव्यांदा वाजवला, इथे तो फार गाजतो आहे, आता ते रामचे हुकमी अस्त्रच झाले आहे. राम आणि वेंडलिंग त्या डच गृहस्थाबरोबरच पॅरिसला निघाले होते. जे संगीत त्या छोट्या गावात, त्याच मित्रमंडळात पाचदा वाजले, तेच एक स्वर वर चढवून नवे म्हणून हाती आले, तर गिऱ्हाइकाच्या कानाला ते कळले नसेल असे मला वाटत नाही. त्याने निम्मे पैसे दिले आणि वर चार कापून घेतले, याचा अर्थ मी असा लावतो. हा अर्थ माझा; पण आकडे त्याच बाजूला झुकतात.

आणखी एक कागद. पॅरिसहून परतताना ३ ऑक्टोबर १७७८ रोजी मोझार्ट वडिलांना कळवतो, की त्या गृहस्थासाठी केलेली तीन चतुष्के आणि फ्लूटचा कॉन्चेर्टो माझ्याजवळ नाहीत. त्याने ते भलत्या पेटीत भरल्यामुळे मानहाइमलाच राहिले. इथे कॉन्चेर्टो एकवचनी आहे. आठ महिन्यांपूर्वीच्या दोनाचा आता एक झाला! उताऱ्याची प्रत घरी न्यायची गरज नव्हती, मूळ त्याच्याकडे होतेच. हिशेबाच्या भाषेत याला दुरुस्तीची नोंद म्हणतात. ती सहसा आपणहून आणि नकळत होते.

आणि जो एक उरला, जी मेजरचा, तो तरी मानहाइमलाच जन्मला का? जुलै १७७७ मध्ये, म्हणजे प्रवासाला निघण्यापूर्वी, साल्झबर्गमध्ये नानेर्लच्या, मोझार्टच्या बहिणीच्या, नामदिनानिमित्त घरी संगीत झाले. शिडेनहोफेन या कुटुंबस्नेह्याच्या रोजनिशीत त्याच्या तालमीची नोंद आहे आणि तीत तरुण मोझार्टच्या फ्लूट कॉन्चेर्टोचा उल्लेख आहे. डच गृहस्थाची गाठ पडण्याच्या कितीतरी आधी, कोणी पैसे देत नसताना, बहिणीच्या आनंदासाठी त्याने या न सोसणाऱ्या वाद्याचा कॉन्चेर्टो लिहिलेला होता. त्या एका नोंदीपुढे ते प्रसिद्ध वाक्य बरेच फिके पडते.

‘इंडियन’

आता त्या गिऱ्हाइकाविषयी. पत्रात वेंडलिंग त्याला आपला ‘इंडियन’ म्हणतो आणि लगेच पुस्ती जोडतो, की म्हणजे डच माणूस, स्वतःच्या मिळकतीवर जगणारा, सगळ्या विद्यांचा शौकीन. मोझार्टच्या चरित्रांतून हा माणूस दीर्घकाळ नुसताच एक पैसेवाला डच हौशी म्हणून वावरला. मोझार्टने नावाचे स्पेलिंगही धड लिहिलेले नाही. डच ईस्ट इंडिया कंपनीचे अभ्यासक फ्रांक लेकिन यांनी कंपनीच्या दप्तरातून त्याची ओळख पटवली. त्याचे नाव फर्डिनांड देजाँ. जन्म १७३१, तोही हॉलंडमध्ये नव्हे तर जर्मनीतल्या बॉनमध्ये. कंपनीच्या नोकरीत शल्यवैद्य म्हणून पूर्वेकडे वर्षे काढलेला, परतल्यावर लायडनच्या विद्यापीठात १७७३ मध्ये वैद्यकाची पदवी मिळवलेला डॉक्टर. १७९७ मध्ये तो व्हिएन्नात वारला. योगायोग असा, की वेंडलिंगचेही निधन त्याच वर्षीचे.

‘इंडियन’ हा शब्द त्या काळी ढोबळ होता. बटाव्हिया, म्हणजे आजचे जाकार्ता, हे कंपनीचे पूर्वेकडचे मुख्य ठाणे. सुरत, कोचीन, नागपट्टणम्, चिनसुरा या तिच्या हिंदुस्थानातल्या वखारी. माझे आजोळ वेंगुर्ल्याचे. लहानपणी सुट्टीत आम्ही ज्या पडक्या भिंतींत लपाछपी खेळायचो, ती याच कंपनीची सतराव्या शतकातली वखार. देजाँच्या जन्मापूर्वीच कंपनी तिथून गेलेली होती, तेव्हा त्याचा आणि वेंगुर्ल्याचा संबंध मी जोडत नाही. पण पैसा कोणत्या वाटेने फिरतो हे पाहणे माझ्या अंगवळणी पडले आहे. मिरी, जायफळ, कापड, अफू यांच्या व्यापारावर उभ्या राहिलेल्या कंपनीच्या नोकरीतून एक वैद्य सधन होऊन परततो, फ्लूट वाजवतो, आणि नोकरी गमावलेल्या एका तरुणाला हिवाळ्यात काम देतो. युरोपच्या संगीताचा इतिहास युरोपातच लिहिला गेला, असे आपण मानतो. त्याच्या खतावणीत आपल्या समुद्राचे खातेही असते.

म्हणून देजाँला कंजूष ठरवणाऱ्या चरित्रकारांशी माझे जमत नाही. करार मोडला तो मोझार्टने. दोन महिन्यांनी पॅरिसमध्ये त्याने द ग्विन या सरदारासाठी फ्लूट आणि हार्पचा कॉन्चेर्टो लिहिला, तो पुरा केला, वेळेत दिला, आणि तरी जुलै संपेपर्यंत त्याचे पैसे मिळाले नव्हते. खरी फसवणूक ती. त्याच जुलैच्या ३ तारखेला पॅरिसमध्ये त्याची आई वारली. १७७९ मध्ये तो साल्झबर्गला त्याच आर्चबिशपच्या चाकरीत परतला, वर्षाला ४५० गुल्डनांवर. अलोयझियाने तोवर त्याला नाकारले होते. ज्या प्रवासाने सगळे मिळायचे होते, त्या प्रवासाने जवळजवळ सगळे नेले. शहाण्णव गुल्डन हा त्यातला फार छोटा आकडा.

तीन फ्लूट

राहता राहिला त्या बासरीवादकांचा मुद्दा, की मधला संथ भाग तिटकाऱ्यातून आलेला नाही. मी त्यांच्याइतका कानाचा पक्का नाही, म्हणून पुन्हा कागदाकडे वळलो. जी मेजर कॉन्चेर्टोच्या पहिल्या भागात फ्लूटच्या साथीला तंतुवाद्ये, दोन ओबो आणि दोन हॉर्न आहेत. तिसऱ्या भागात, मिन्युएटच्या चालीतल्या रोंदोतही तेच. मधल्या अदाज्योत मात्र मोझार्ट दोन्ही ओबो उठवतो आणि त्यांच्या जागी दोन फ्लूट बसवतो. व्हायोलिनांना आवाज दाबणारी चिमटी लावायला सांगतो. म्हणजे मुख्य वादकाची एक आणि साथीच्या दोन, अशा तीन लाकडी फ्लूट, खाली दबक्या तारांचा पडदा.

ज्याला एक फ्लूट सोसत नाही त्याने आणखी दोन मागवल्या! कोणी सांगितले नव्हते, करारात नव्हते, देजाँने तर सोपे आणि छोटे मागितले होते. हा भाग सोपाही नाही आणि छोटाही नाही. दोन वाक्यांच्या मध्ये श्वास कुठे घ्यायचा, याची जागा मोझार्टने रचनेतच ठेवली आहे; बासरीवादकांनी नेमके तेच ओळखले होते. फ्लूट आणि वाद्यवृंदासाठी सी मेजरमधला एक सुटा संथ भागही आहे, क्योखेल क्रमांक ३१५, त्याचे हस्तलिखित टिकले आहे. हा अदाज्यो देजाँला पेलला नाही म्हणून त्याऐवजी हा सोपा भाग लिहून दिला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. आणि मृत्यूच्या वर्षी, १७९१ मध्ये, मोझार्टने ज्या ऑपेराचे नावच जादूची फ्लूट आहे, त्यात नायक-नायिका अग्नी आणि पाणी यांतून चालत जातात ते एका फ्लूटच्या आधाराने.

मग ते वाक्य खोटे होते का? खोटे म्हणणेही सोपे उत्तर झाले. बावीस वर्षांचा, थकलेला, प्रेमात पडलेला, वडिलांच्या कर्जाची टोचणी असलेला मुलगा रात्री पत्र लिहितो आहे. त्या घटकेला त्याला फ्लूट खरोखरच नकोशी झाली असेल. मनासारखे न झालेले काम डोळ्यांपुढे असले की मलाही खतावणीचा तिटकारा येतो. पण म्हणून मी तीस वर्षे तिटकाऱ्याने हिशेब तपासले, असे कोणी माझ्याविषयी लिहिले तर ते अन्यायाचे होईल. पत्र म्हणजे साक्षीदाराचा जबाब नव्हे. ते कोणीतरी कोणालातरी, काहीतरी मिळवण्यासाठी किंवा टाळण्यासाठी लिहिलेले असते. आम्ही हौशी संशोधक एखादे चमकदार वाक्य हाती लागले की ते कोणाला उद्देशून आहे हे बघत नाही, ताटातले गोड आधी उचलावे तसे उचलतो.

हे सगळे जमवून मी गेल्या वर्षी त्या बासरीवादकांकडे गेलो. आता त्यांची बोटे थरथरतात, वाजवणे बंद आहे. मी आकडे सांगितले, व्हायोलिनची तळाची तार सांगितली, देजाँची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, ‘‘ते उरलेले एकशे चार मग बुडालेच ना?’’ मी म्हणालो, बुडाले. मग मोबाइलवर अदाज्यो लावला. मुख्य फ्लूट येते तिथे त्यांनी नुसते बोट वर केले, गप्प राहा म्हणून.

मिरजेच्या त्या व्याख्यानातले माझे वाक्य मी इथे मागे घेतो. मोझार्टला फ्लूट सोसत नव्हती, असे मी पंधरावीस लोकांना सांगितले होते. त्यांतल्या काहींनी ते पुढे आणखी कोणाला सांगितले असेल. ही दुरुस्तीही तितकी दूर जावी, एवढीच इच्छा आहे.